अंगात फणस, डोक्यावर जपान

मित्रांनो, मी एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आहे, आणि पुढचं काही ऐकण्याआधी एक गोष्ट समजून घ्या. मी जड आहे. थोडीथोडकी नाही, चांगलीच जड. एकच जण सोडली, तर आजवर ज्यानं ज्यानं मला उचललं, त्याच्या तोंडून पहिला शब्द 'बापरे' हाच निघाला आहे. मला त्याचं आता काही वाटत नाही. सध्या मी वेसाव्याच्या कोळीवाड्यात एका घराच्या भिंतीवर असते. साधा खिळा मला पेलत नाही म्हणून माझ्यासाठी होडीचा जुना लोखंडी हूक ठोकलेला आहे.

माझा जन्म अंधेरीच्या पूर्वेला, मरोळच्या औद्योगिक वसाहतीत झाला. सीतारामशेठ म्हणून एक गृहस्थ होते, त्यांच्या शेडमध्ये टीव्हीची लाकडी खोकी बनत. ती सरकती दारं असलेली, कुलूप लावता येणारी खोकी तुमच्या आजीच्या घरी असतील. पुढे रंगीत टीव्ही आले, त्यांना प्लास्टिकची खोकी आली, आणि सीतारामशेठचा धंदा बसला. तेव्हा त्यांना कुणीतरी सांगितलं, की शेठ, आता पोरांना गिटारचं वेड लागलंय, गिटार बनवा. शेठनी एका परदेशी मासिकातलं चित्र फाडून आणलं आणि सुताराच्या हातात दिलं.

त्या सुताराचं नाव महादू. कणकवलीकडचा माणूस, बोलायला कमी आणि बिडी ओढायला जास्त. त्यानं जन्मात गिटार पाहिली नव्हती. चित्रावरून त्यानं माझा आकार बरोबर काढला, कमरेचा बाकसुद्धा चुकला नाही. पण चित्रात जाडी कुठे दिसते? महादूनं ती अंदाजानं धरली. दाराच्या चौकटीला जेवढी धरतात, तेवढी. आणि लाकूड घेतलं फणसाचं, कारण शेडमध्ये तेच पडलं होतं.

शेठ कुरकुरले, तेव्हा महादू म्हणाला, "फणस मृदंगाक चलता, मग ह्येका कित्याक नाय चलाचो?"

अशी मी चौकटीइतकी जाड झाले. मान सागवानी, तीही चांगली मुठीत मावणार नाही अशी. तिच्यावर पितळेच्या आडव्या पट्ट्या बसवल्या, पण त्यांची टोकं घासायची राहून गेली, त्यामुळे हात वरखाली केला की बोटांना टोचायची. आवाज पकडणारी तांब्याच्या तारेची गुंडाळी शेजारच्या ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यातून आली. म्हणजे बघा, मी सगळीच्या सगळी मरोळची. पण शेवटी शेठनी एक सोनेरी पट्टी आणली आणि माझ्या डोक्यावर चिकटवली. तिच्यावर इंग्रजीत 'जपान' असं लिहिलं होतं.

महादूनं ती पट्टी कुणाकडून तरी वाचून घेतली आणि तोंड वाकडं केलं. "गावचो फणस आणि नाव जपानचां? ह्यां काय बरां दिसणां नाय, शेट."

"तू रंधा मार," शेठ म्हणाले. "देशी म्हटलं की गिऱ्हाईक हातसुद्धा लावत नाही."

त्यांचं खोटं नव्हतं. त्या काळी परदेशी म्हटलं की लोक साबणाचं रिकामं वेष्टनही जपून ठेवत. पण माझ्याबाबतीत जपानचाही उपयोग झाला नाही. अंधेरी स्टेशनसमोरच्या दुकानात कॉलेजची पोरं यायची, ऐटीत मला गळ्यात घालायची आणि थोड्या वेळानं खांदा चोळत परत ठेवायची. एकानं तर सरळ सांगितलं, "यार, ही गिटार आहे का पाटा?" मी धूळ खात पडून राहिले. आणि एक दिवस रत्नप्रभा आली.

रत्नप्रभा ही वेसाव्याच्या रामचंद्र कोळ्याची मुलगी. घरात सगळे तिला रत्ना म्हणत. कोळीवाड्याच्या बेंजो पार्टीत तिचा मामा होता, त्याच्याकडून ती बेंजो शिकली होती, आणि आता तिला गिटार हवी होती. तिनं मला उचललं आणि ती 'बापरे' म्हणाली नाही! लहानपणापासून आईबरोबर मासळीच्या टोपल्या उचललेली मुलगी ती, तिला माझं काय ओझं? पितळी पट्ट्या तिच्याही बोटांना टोचल्या असतील. पण कोळंबी सोलून सोलून तिची बोटं आधीच घट्ट झाली होती. ती मला घरी घेऊन आली आणि मला प्रथमच वाटलं, की चला, आपण कुणाच्या तरी मापाच्या आहोत.

माझ्या वजनानं पट्टा तिच्या खांद्यात रुतायचा. तिच्या आईनं, अंजनाबाईनं, त्यावर उपाय काढला. डोक्यावर टोपली घेताना खाली कापडाची गुंडाळी ठेवतात ना, ती चुंबळ तिनं उलगडून पट्ट्याखाली शिवून दिली. स्टेजवरच्या एकाही गिटारला असा थाट नव्हता.

आता स्टेजचं सांगते. अंधेरीत चंद्रप्रकाश म्हणून एकाचा ऑर्केस्ट्रा होता. लग्न, पूजा, सोसायटीचे कार्यक्रम, सगळीकडे त्याची मंडळी वाजवायला जात. त्यानं माझ्या डोक्यावरची पट्टी पाहिली, रत्नाला वाजवताना पाहिलं आणि टाळी दिली. "लडकी आणि वर जपानी गिटार! डबल धमाका!" त्यानं पोस्टरवरही तसंच छापलं. रत्नानंही ते खरं मानलं. तिला तरी कुठे ठाऊक होतं मी कुठली ते? पुढे मानेचा स्क्रू सैल झाला म्हणून तिनं मला उघडलं, तेव्हा आतलं पिवळंधमक लाकूड दिसलं. फणस ओळखायला कोकणातल्या माणसाला कितीसा वेळ लागतो? तिच्या आजीचा पाट त्याच लाकडाचा होता. ती हसली आणि तिनं स्क्रू घट्ट करून टाकला.

तर रत्नाचं सगळं झकास चाललं होतं, एक सोडून. तिचा बाप तिला ऐकायला येत नव्हता. रामचंद्र तिला रागवत नव्हता, मारत नव्हता, पण माझ्याबद्दल एक शब्द काढत नव्हता. ती मला घेऊन निघाली की तो जाळ्यात मान घालून बसायचा. होडीवाल्याची पोर परक्या लोकांसमोर उभी राहून वाजवते, हे त्याला लोकांच्या तोंडून ऐकावं लागे आणि ते त्याला खुपत होतं.

अंजनाबाई एकदा उसळलीच. "मी बाजारान चार मानसांत बोंबलतंय, त्ये चालतं तुमाला. पोरीनं वाजवलं का लगेच नाक कापलं?"

रामचंद्र जाळं उचलून बाहेर गेला. रत्ना मला म्हणायची, म्हणजे स्वतःशीच म्हणायची, पण मी मांडीवर असायचे, "एकदा येऊ दे गं बाबाला. एकदाच. मग भले नावं ठेवू दे." चंद्रप्रकाशच्या शाबासकीनं ती खूष व्हायची, पण ते खूष होणं घरी येईपर्यंत टिकत नसे.

त्या वर्षी नारळी पौर्णिमा तोंडावर आली होती. पावसात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात आणि पुन्हा पाण्यात घालण्याआधी त्यांच्या लाकडाला तेल लावतात. साधंसुधं नाही, मुशीचं तेल. मुशी म्हणजे लहान शार्क. त्या तेलाचा वास एकदा लागला की आठवडा हटत नाही, पण लाकूड मात्र खाऱ्या पाण्याला दाद देत नाही. रामचंद्रही सकाळपासून तेलाचा डबा घेऊन होडीला लागला होता. दुपारी तो घरात पाणी प्यायला आला. रत्ना आणि अंजनाबाई बाजारात होत्या. मी खाटेवर पडले होते.

तो खाटेजवळ आला. मग त्यानं मला उचललं आणि मान हलवली.

"बापरे," तो म्हणाला. "ही घेऊन उभी रव्हते माझी पोर?"

त्यानं माझ्या कडेवरून अंगठा फिरवला. रंग उडाला होता, लाकूड कोरडं पडलं होतं. "पार सुकलीस की गो तू," तो म्हणाला. "हिला कोनी तेल लावाला नको?"

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडले असते. त्यानं होडीचं फडकं आणलं आणि मला तेल लावलं. पुढून, मागून, मानेला, तारांना, पितळी पट्ट्यांच्या खाचांतून, त्या तांब्याच्या गुंडाळीवरसुद्धा. इतक्या मायेनं मला कुणी हात लावला नव्हता आणि इतकी वाट कुणी लावली नव्हती. तेलानं माझ्या डोक्यावरची पट्टी सुटली आणि जपान फडक्याला चिकटून होडीवर गेलं. मला त्याचं दुःख झालं नाही. पण दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, अंधेरीच्या एका शाळेच्या सभागृहात कार्यक्रम होता, आणि आवाजाचं बटण, म्हणजे माझा कान, पिळला की नुसती खरखर येत होती.

रत्ना घरात शिरली आणि वासानंच थांबली. मला हातात घेतलं, तर हात निसटला. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "आये, वाट लागली गं हिची!" तेवढ्यात रामचंद्र दारात आला. हातात तेच फडकं.

"आता कशी चकाकते?" त्यानं विचारलं.

माझ्याविषयी तो तिच्याशी बोललेला हा पहिला शब्द. रत्नानं पदरानं डोळे पुसले. "झकास, बाबा," ती म्हणाली. "उद्या सकाली अंधेरीला वाजवतंय. येशील?"

त्यानं फडकं खांद्यावर टाकलं. तो होडीकडे परत गेला. रत्नानं संध्याकाळभर मला रॉकेलनं पुसलं, तारा बदलल्या, खाचा कापसानं कोरल्या. आवाज परत आला. वास मात्र गेला नाही, उलट रॉकेलचाही येऊ लागला.

सकाळी चंद्रप्रकाशनं आधी नाक धरलं आणि मग डोकं. "हे काय? जपान कुठं गेलं?"

"निघालं. पट्टी होती."

"मग आता?" तो घाबरला होता. "ऐक, मी माइकवर विचारेन, जपानहून कशी आली. तू सांगायचं, चुलता बोटीवर आहे, त्यानं आणली. कोण बघायला येतंय?"

रत्नानं मान डोलवली. तिला ऑर्केस्ट्रातली जागा हवी होती आणि ती तिनं मेहनतीनं मिळवली होती. पडदा उघडला. दिवे तापले, तसं माझ्या अंगातलं तेलही तापलं आणि पहिल्या रांगेतले लोक एकमेकांकडे बघू लागले. चंद्रप्रकाश हसतहसत म्हणाला, "आणि ही आपली जपानी गिटार! सांगा रत्नाजी, इतक्या लांबून ही तुमच्याकडे आली कशी?"

रत्नानं माइक घेतला आणि समोर पाहिलं. सभागृहाच्या अगदी मागे, दाराला टेकून, पांढरा धुतलेला सदरा घालून रामचंद्र उभा होता.

"जपानची नाय ही," ती म्हणाली. "इथलीच आहे, फणसाची. आणि तुम्हाला वास येतोय ना? ते मुशीचं तेल आहे. होडीला लावतात. माझ्या बाबानं काल स्वतःच्या हातानं लावलंय हिला."

लोक हसले, काही जण शिट्ट्या मारू लागले. ती थांबली नाही. तिनं वाजवायला सुरुवात केली आणि मीही होतं नव्हतं ते सगळं दिलं. फणसाचा आवाज जड असतो, हळूहळू उठतो आणि बराच वेळ राहतो. रामचंद्र शेवटपर्यंत हलला नाही.

कार्यक्रम संपल्यावर चंद्रप्रकाशनं रत्नाला बाजूला घेतलं. "उद्यापासून येऊ नको," तो म्हणाला. "माझी इज्जत घालवलीस." तिनं मला खांद्याला अडकवलं. ती बाहेर आली, तर रामचंद्र उन्हात उभा. त्यानं तिच्या खांद्यावरून मला काढून घेतलं.

"राहू दे बाबा, जड हाय."

"म्हाईत हाय मना," तो म्हणाला.

वल्हं टाकावं तसं त्यानं मला खांद्यावर टाकलं. कोळीवाड्यात शिरलो तेव्हा भर दुपार होती. सगळे बाहेर होते, कुणी होडी रंगवत होतं, कुणी जाळी विणत होतं. ज्या लोकांच्या तोंडाला तो इतके दिवस घाबरला, तेच हे लोक. एकानं हाक मारली, "रामचंद्रा, काय रं ते खांद्यावर?"

"आमचे रत्नाची गिटार," तो मोठ्यानं म्हणाला. "काय वाजवते पोर! तुमी नाय ऐकलंव, तुमचा नशीब."

तिथून पुढे रत्ना वेसाव्याच्या बेंजो पार्टीत वाजवू लागली. कितीतरी हळदींना मी गेले. तिथं मला कुणी जपानचं विचारलं नाही आणि वासाबद्दल तर चकार शब्द निघाला नाही. महादूनं मात्र मला कधीच ऐकलं नाही, ते मला अजून लागतं.

आता मी भिंतीवर असते. माझी तांब्याची गुंडाळी मुकी झाली आहे. तुमच्यासारखी मुलं येतात, डोक्यावरचा रिकामा चट्टा बघतात आणि विचारतात, ही कुठल्या कंपनीची? तर मित्रांनो, कुठलीही वस्तू हातात आली की आधी तिला नीट उचलून बघा, नाव नंतर वाचा. तिला जपाही जरूर, पण तिला काय सोसतं ते विचारून जपा. रामचंद्रही ते शिकला. होडीचं तेल उरलं की तो दरवर्षी मला खाली काढायचा आणि फक्त पाठीला लावायचा. पुढून नाही.

आता तो नाही, होडीही विकली. तरी नारळी पौर्णिमा आली की रत्ना शेजारच्या होडीवाल्याकडून वाटीभर तेल मागून आणते. तिचे केस पिकलेत आणि मी तिलाही आताशा जड होते. ती मला मांडीवर पालथी घेते, फडकं बुडवते आणि पाठीला तेल लावता लावता स्वतःशीच म्हणते, "बाबा, चकाकते बघ."