वेवासाठी चिली

तेन्चाने मांसाचा तुकडा पुन्हा नाकाशी नेला, डोळे मिटले आणि खोल श्वास घेतला. काहीच नाही. थंड हवा आत गेली, एवढंच.

सकाळी तिला फ्रिजचं दार बोटभर उघडं सापडलं होतं. नवरा, चेबो, रात्री रेल्वे यार्डात पहाऱ्याला जाताना पाणी प्यायला असणार आणि दार नुसतं लोटून गेला असणार. ऑक्टोबर उजाडला तरी सान अंतोनियोत रात्रीसुद्धा पंखा लागत होता. दूध कोमट झालं होतं, ते तिने मुकाट्याने ओतून दिलं. पण खालच्या कप्प्यातलं बीफ? खाटकाला मुद्दाम सांगून आणलेलं, खांद्याकडचं, चरबीचं. रंग लालच होता. कडेला जरा काळपट. काल तसंच होतं की आज झालं? हाताला किंचित चिकट लागत होतं. की तिचेच हात ओले होते?

दुसऱ्या कुणीही नुसतं हुंगून सांगितलं असतं. एप्रिलमध्ये तेन्चा इस्त्रीच्या दुकानात ओल्या फरशीवर घसरून पडली आणि डोक्याचा मागचा भाग आपटला. टेंगूळ उतरलं, चक्कर थांबली, पण वास गेला तो गेलाच. येईलही, येणारही नाही, असं डॉक्टर म्हणाले. तिने कुणाला सांगितलं नाही. एका नवऱ्या मुलाचा शर्ट तिच्या इस्त्रीखाली करपला, तो शेजारची बाई ओरडल्यावर तिला कळला. तेव्हाही तिने यंत्रावर ढकललं. मालकाला कळलं तर इस्त्री जाईल, मुलीला कळलं तर स्वयंपाकघर. झोपताना चेबो विचारायचा, “कसला गं वास येतोय?” आणि ती अंदाजाने काहीतरी ठोकून द्यायची.

आणि आज वेवा जेवायला यायची होती. थोरली बहीण. अकरा वर्षांनी.

बुधवारी वेवाच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. त्यासाठी ती दूर उत्तरेतून येऊन इथे मुलाकडे उतरली होती. तिने फोन केला, तोही हुकूम सोडल्यासारखा.

“आईची चिली कर, नुसत्या मांसाची नि वाळल्या मिरच्यांची. टोमॅटोबिमॅटो नको. राजमा दिसला तर दारातूनच परत जाईन.”

“डॉक्टरांनी खायला सांगितलंय का चरबीचं?”

“डॉक्टर येणारेत का जेवायला?”

फोन ठेवल्यावर तेन्चाला हसू आलं होतं. आता हसू येत नव्हतं. रविवारी खाटकाचं दुकान बंद. गाडी चेबो घेऊन गेलेला, त्याची आज दुहेरी पाळी. मांस मऊ व्हायला दुपार होणार, म्हणजे आत्ताच चढवायला हवं. आणि हे मांस उतरलेलं असलं तर? ऑपरेशनच्या तोंडावर आपल्या हातचं खाऊन वेवा आजारी पडली तर?

तिने ताटली उचलली आणि शेजारी गेली. म्हातारे लिब्रादोकाका झाडांना पाणी घालत होते, ओठात सिगारेट.

“काका, जरा हुंगून बघता का? हा खाटीक हल्ली काय देतो कुणास ठाऊक.”

काकांनी सिगारेट न काढताच ताटलीवर मान वाकवली. “फक्कड आहे.”

“सिगारेट काढून बघा ना.”

“पोरी, काढली तरी तंबाखूचाच वास येतो मला. कुत्र्याला विचारू?” कुत्रा आधीच शेपटी हलवत उभा होता. “पण त्याचं मत धरू नकोस. परवा मेलेली घूस खाल्ली त्याने.”

तेन्चा कसनुसं हसून परतली. ताटली ओट्यावर ठेवते न ठेवते तोच दाराशी गाडी थांबली. वेवा सांगितल्या वेळेच्या खूप आधी आली होती. मुलाने तिला पायरीपर्यंत आणून सोडलं आणि तो गेला.

वेवा बारीक झाली होती. पायरी चढून ती दाराला धरून थांबली, दम घेतला आणि मग बहिणीकडे पाहिलं. दोघींना मिठी मारायची होती की नाही ते ठरेपर्यंत वेळ निघून गेली.

“लठ्ठ झालीस,” वेवा म्हणाली.

“आणि तू वाळलीस.”

वेवा सरळ स्वयंपाकघरात आली. शेगडी थंड, वाळलेल्या मिरच्या तशाच पिशवीत, मांस ताटलीत.

“अजून चढवलं नाहीस?”

“वेवा, आज अंडी करते. छानशी, मिरची घालून. चिली पुन्हा कधीतरी.”

वेवाने पर्स खांद्यावरून काढली होती, ती पुन्हा अडकवली. “म्हणजे अजून राग आहे.”

“नाही गं.”

“आहे. पाहुणीसारखी आलीस, पाहुणीसारखी जा, म्हणाली होतीस तू. आईच्या मातीवरून आल्या आल्या. तुझं चुकलं नव्हतं. मी नव्हतेच आले आईच्या आजारपणात. पण आता मी मागून मागून एक वाटी चिली मागितली, तेन्चा. बुधवारनंतर मागायला असेन की नाही...”

“मला वास येत नाही!” तेन्चा ओरडलीच. “फ्रिजचं दार उघडं राहिलं रात्रभर. मांस चांगलं आहे की सडलं, मला कळत नाहीये! नाक मेलंय माझं. एप्रिलपासून.”

बोलून झाल्यावर तिने ओट्याचा काठ धरला.

वेवाने ताटली घेतली, खिडकीपाशी नेली, एक तुकडा उचलून हुंगला, उलटा करून हुंगला. मग दुसरा. तेन्चा तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

“चांगलं आहे. लोखंडासारखा वास येतोय, ताज्या रक्ताचा.”

“नक्की?”

“माझ्या पोटात जाणार आहे. नक्की.”

“पुन्हा एकदा बघ.”

“तेन्चा, चरबी वितळव.”

वेवाने खुर्ची ओढून शेगडीजवळ ठाण मांडलं. तिला आयुष्यात कधी ही चिली जमली नव्हती. आई चुलीशी असायची तेव्हा वेवा गल्लीत असायची. आता तेन्चाचे हात आणि वेवाचं नाक. मांस चरबीत तांबूस झालं. तेन्चाने तव्यावर मिरच्या टाकल्या आणि उलथन्याने दाबल्या. ठसक्याने तिच्याही डोळ्यांत पाणी आलं. तेवढं नाकाला अजून कळत होतं.

“आता काढू?”

“थांब.”

“वेवा, करपतील. कडू होईल सगळं.”

“थांब म्हटलं ना. मनुकांसारखा वास येतोय... काढ! काढ, काढ!”

तेन्चाने तवाच उचलला. दोघी खोकत खोकत हसल्या. मग मिरच्या भिजल्या, वाटल्या; दगडी खलात जिरं आणि लसूण कुटला गेला. सगळं मांसावर पडलं आणि झाकणाखाली रटरटायला लागलं.

“सांगायचंस ना मला,” वेवा म्हणाली.

“कुठे सांगणार? तू फोन उचलला असतास?”

“नसता उचलला.” वेवाने झाकण उचलून पातेलं हुंगलं. “आईला तशी बघायची छाती नव्हती माझी. पैसे पाठवले की झालं, असं मनाला समजावायचे.”

तेन्चा उठून आत गेली. येताना तिच्या हातात घट्ट गाठ मारलेली प्लॅस्टिकची पिशवी होती. आत आईचा राखाडी स्वेटर.

“न धुता ठेवलाय. दर वर्षी तिच्या वाढदिवसाला एकदाच उघडायचे, वास उडून जाऊ नये म्हणून. यंदा उघडला तर काहीच नाही. त्याचा वास गेला की माझंच नाक, कळेना. तू बघ.”

वेवाने गाठ सोडली. स्वेटर बाहेर न काढता तिने तोंडच पिशवीत घातलं. बराच वेळ ती तशीच बसली. तिची पाठ वरखाली होत होती. तेन्चाला वाटलं, दम लागला की काय. ती उठायला लागली.

“आहे,” वेवा आतूनच म्हणाली.

“खरंच? कसा?”

“आईचा. लसणाचा... आणि ती तिची गुलाबाची पावडर.”

शेवटच्या वर्षी आईच्या कातडीला पावडर सोसत नव्हती. तेन्चाच रोज तिला कापराचं मलम चोळायची. स्वेटरला यायचा तो त्याच मलमाचा वास. उठून तिने रस दाट व्हायला मक्याचं पीठ पाण्यात कालवलं आणि पातेल्यात सोडलं.

दुपारी दोघी जेवायला बसल्या. वेवाने पहिला घास बराच वेळ तोंडात घोळवला. तेन्चाचा घास हातातच होता.

“बोल ना बाई.”

“आईपेक्षा तिखट झालीय,” वेवा म्हणाली आणि वाटी संपवून पुन्हा पुढे केली. “तुला काय लागतं?”

“तिखट कळतं. मीठ कळतं. बाकी नुसतं गरम.”

“मग मीठ बरोबर आहे. मी सांगते.”

मुलाने बाहेर हॉर्न वाजवला. वेवा पर्स घेऊन उठली तेव्हा तेन्चाने पिशवीला गाठ मारली, एकावर एक, आणि तिच्या हातात दिली.

“हॉस्पिटलात फार थंड असतं म्हणतात.”

“अगं, पण तुझ्याकडे...”

“ने.”

या वेळी मिठी मारायची राहिली नाही. मग मुलाच्या दंडाला धरून वेवा पायऱ्या उतरली, गाडीत बसली. तिने काच खाली केली. गाडी हलली तेव्हा पिशवी तिच्या मांडीवर होती आणि दोन्ही हात त्या गाठीवर.