मार्लीनची ओटी

ऑस्ट्रेलियाहून परतल्यापासून विनिताला नुसतं ‘कशी आहेस’ विचारायचीही सोय उरली नव्हती. लगेच आल्बम निघे. काकडूची पाणथळ, कमळांचं रान, होडीशेजारून सरकणारी मगर, आणि शेवटी तो फोटो. होडीतून रान दाखवणाऱ्या मार्लीनची, तिथल्या मूळच्या लोकांपैकी एकीची, विनिता खणानारळानं ओटी भरतेय. फोटो तीनदा काढावा लागला होता, कारण नवऱ्याचा, मधूचा, अंगठा मध्ये येत होता.

“सख्खी बहीण मानलंय मी तिला,” विनिता सांगे. “निसर्गाची लेकरं गं ती! आपण इथं काँक्रीटमध्ये मेलो.”

दुबईतल्या अल नहदाच्या फ्लॅटवर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला स्लाइड शो ठरला. तिथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षपदावर विनिताचा डोळा होता, आणि मावळत्या अध्यक्ष सुचित्राताई पहिल्या रांगेत बसणार होत्या.

हळदीकुंकवाच्या दिवशीच सकाळी मार्लीनचा फोन आला. ती दुबईतच होती. शॉपिंग फेस्टिव्हलच्या जत्रेत महिनाभर तिच्या गावच्या चित्रांचा स्टॉल लागला होता. “बहीण असताना हॉटेलात कशाला राहू?” तिनं विचारलं. तिच्याकडे बहीण म्हटलं की ती जन्माची; फोटो धुऊन आला म्हणून नातं संपत नसे.

“बायका काय म्हणतील?” विनिता रडकुंडीला आली.

“सख्खी ना? यल्ला, चला, घेऊन येतो,” म्हणत मधूनं गाडीची किल्ली उचलली.

मार्लीन आली ती कडक इस्त्रीचा शर्ट घालून, गळ्यात भलामोठा कॅमेरा अडकवून. तिनं देव्हारा टिपला, तिळगुळाची वाटी टिपली, काळ्या साड्या टिपल्या. मग सुचित्राताईंना म्हणाली, “तुमचा एखादा नाच करून दाखवा ना, फोटोसाठी!”

विनिताचे कान तापले. होडीत हे वाक्य तिचं होतं.

स्लाइड शो झाला. शेवटच्या फोटोवर मार्लीन खुशीत म्हणाली, “त्या संध्याकाळी आईनं हिच्यासाठी मासा भाजला होता. सगळे वाट बघत बसलो. हिचं पोट बिघडलं, म्हणून आली नाही.”

“पोट?” सुचित्राताई गोड हसल्या. “पण विनिता, तू तर म्हणालीस, त्यांच्यात बसून जेवलीस!”

मधूला त्या संध्याकाळचा हॉटेलच्या खोलीतला मेतकूट-भात आठवला. तो खिडकीबाहेर बघत राहिला.

“आता इथल्या माणसांकडे ने ना,” मार्लीन म्हणाली. “ही जमीन ज्यांची, त्यांच्या घरी. आणि इथली पाणथळ?”

इतक्या वर्षांत विनितानं एकच अरब पाहिला होता, मधूचा अरबाब, म्हणजे मालक, तोही ऑफिसातल्या तसबिरीत. उम्म अल कुवैनची खाडी लागली की ती वासानं गाडीच्या काचा वर करून घेई.

“महिनाभर पाहुणी आहे म्हटल्यावर विनिताला मंडळासाठी कुठला वेळ?” सुचित्राताई उठल्या. “यंदाही मीच सांभाळते. खलास!”

पुढच्या शुक्रवारी विनिता उम्म अल कुवैनच्या खाजणात गुडघाभर चिखलात उभी होती. मागे रोहित पक्षी, समोर मार्लीनचा कॅमेरा.

“हलू नकोस,” मार्लीन ओरडली. “आणखी एक काढते. हसलीच नाहीस तू!”