तारलीचा थवा

खलाशी आजारी पडला म्हणून त्या सकाळी संचिता बापाच्या, नाथाच्या, होडीवर गेली. एरवी ती नया नगरच्या बाजारात मासळी विकायला बसायची. दर्यावर जाणं क्वचितच. उत्तनचा किनारा मागे धूसर झाला तेव्हा नाथाने इंजिन बंद केलं आणि बोट दाखवलं.

"बघ गो, तारली. खाली कुपा लागलाय."

पाणी उकळल्यासारखं दिसत होतं. संचिता वाकून पाहू लागली. असंख्य वीतभर चंदेरी तारल्या एकमेकींना बिलगून गरगरत होत्या. मोठाला कुपा मासा सूं करून घुसला की त्या थव्यात भगदाड पडायचं आणि तो पार झाला की पुन्हा बुजायचं. एवढ्या चकाकत्या अंगांतली नेमकी कुठली धरावी हेच त्याला कळेना. बहुतेकदा तो रिकाम्या तोंडानेच बाहेर पडत होता. कडेची एखादी जायची, म्हणून प्रत्येकीची आत शिरायची धडपड.

"जमून ऱ्हातात म्हणून जगतात," नाथा म्हणाला. "एकटी गावली की संपली."

तेवढ्यात एक मोठी पर्ससीन बोट आली, अख्खा थवा घेरून उचलणाऱ्या जाळ्याची. किनाऱ्याच्या इतक्या जवळ त्या जाळ्याला बंदी आहे, हे बंदरावर कुणालाही विचारा. बोटीवरून एक छोटी होडी सुटली आणि जाळं सोडत थव्याला वळसा घालू लागली. भोवती जाळ्याची भिंत उभी राहताच तारल्या आणखी घट्ट झाल्या. ज्या सवयीने कुप्याला चकवलं, तीच सवय आता त्यांना आयती गोळा करून देत होती.

"पांगा गं, पांगा!" संचिता वेड्यासारखी किंचाळली.

जाळं सोडणाऱ्या माणसाने मान वर केली. तो पराग होता, तिचा धाकटा भाऊ. घरी त्याने भाईंदरच्या बर्फाच्या कारखान्यात लागलोय म्हणून सांगितलं होतं.

संचिताच्या डोक्यात तिडीक गेली. "लाज नाय वाटत? बाबाची जाळी रिकामी येतात ती ह्या लोकांमुळं, आणि तू त्यांच्याच होडीत?"

"ताई, घरी बोलू," पराग दबक्या आवाजात म्हणाला. "आता लांब व्हा."

मोठ्या बोटीवरून कोणीतरी ओरडलं, "ए, हटाव नाव! जाल में फँसेगा!"

नाथाने इंजिन सुरू केलं, पण होडी मागे नाही वळवली. सरळ जाळं तरंगत धरणाऱ्या बोयांपाशी नेली. संचिताने कोयता उचलला आणि बोयांचा दोर हातात धरला.

"बाबा, सांग ना तिला!" पराग आता रडकुंडीला आला. "समदं माझ्यावर येईल!"

नाथाने लेकाकडे एकदा नीट पाहिलं. मग लेकीला म्हणाला, "काप."

तिने घाव घातले, दात-ओठ खात. दोर तुटला, बोये सुटले, जाळ्याची ती कड बुडाली आणि तारल्या चांदीच्या लोटासारख्या बाहेर पडल्या. सगळ्या नाही. मोठी बोट अंगावर येऊ लागली तशी नाथाने होडी किनाऱ्याकडे पिटाळली.

संध्याकाळी पराग घरी आला. ओठ फुटलेला, कामावरून हाकललेला. आईने ताट वाढलं. संचिता त्याच्यासमोर उभी राहिली.

"उद्या मत्स्य खात्यात चल. बोट कोणाची, कुठं जाळं टाकतात, तुझ्या तोंडानं सांग."

"माझं नाव खराब होईल. मग कुणी कामावर घेणार न्हाय."

"होऊ दे! बाबाचं काय झालंय ते दिसत न्हाय तुला?"

पराग अर्ध्या जेवणावरून उठला. पण सकाळी तो बसथांब्यावर तिच्या आधी येऊन उभा होता. खात्यातल्या साहेबासमोर त्याने सगळं सांगितलं, बोटीच्या नावासकट. साहेबाने तक्रार नोंदवून घेतली आणि कारवाई होईल म्हणाला.

परतताना बसमध्ये पराग तिच्या शेजारी बसू लागला. संचिताने पिशवी मध्ये ठेवली. त्याने तक्रार दिली होती, पण बाबाची रिकामी जाळी ती विसरली नव्हती; उत्तन येईपर्यंत पिशवी तिथेच राहिली.