रंगरावच्या वाट्याचं पाणी

“काका, तुम्हाला पेशी दिल्याच नव्हत्या. सलाईनचं पाणी होतं ते,” साधना सिस्टरनं फाईल मिटत सांगितलं.

शिरपूरहून सकाळची पहिली गाडी धरून रंगराव अकोल्याच्या या दवाखान्यात आला होता. दीड वर्षापूर्वी वांग्याच्या वाफ्यातच त्याला झटका आला आणि हृदयाच्या एका बाजूचं मांस मेलं. तिथं राहिला तो नुसता व्रण, निबर, न हलणारा. मूळपेशी दिल्यानं असा व्रण कमी होतो का, हे इथले डॉक्टर तपासत होते. निम्म्यांना पेशी, निम्म्यांना पाणी. कुणाला काय मिळालं ते वर्षभर कुणालाच ठाऊक नव्हतं. हे समजूनच त्यानं सही केली होती. तरी मनानं पेशीच धरल्या होत्या. मेथीचं गाठोडं उचललं की म्हणायचा, “फरक हाय बरं का!”

“ज्याईले खरं देल्लं, त्याईचं कसं हाय?”

“काहींचा व्रण थोडा कमी दिसतो. सगळ्यांचा नाही. अजून पक्कं काही सांगता येत नाही.”

“मंग आता मले देता का?”

“आधी ते कामाचं आहे का, ते ठरू द्या. गोळ्या मात्र सोडू नका.” तिनं फाईल कप्प्यात ठेवली. “पाणी घेणारे तुम्ही लोक नसता, तर फरक कशाशी ताडून पाहिला असता, काका?”

रंगरावनं मान हलवली. मग हळूच विचारलं, “आता तुमचा फोन नाई येनार, बाई?”

“अभ्यास संपला ना.”

दर महिन्याला तिचा फोन यायचा. दम लागतो का, पाय सुजतात का, झोपताना उशा किती घेता. बायको, तुळसाबाई, गेल्यापासून त्याच्या झोपेची चौकशी दुसऱ्या कुणी केली नव्हती. मुलगा मुकेश पुण्याहून बोलायचा, पण घाईत. सिस्टरचे प्रश्न संपले की रंगराव आठवून आठवून काहीबाही सांगत बसायचा, कारल्याले फूल लागलं, मोटर बिघडली. ती ऐकून घ्यायची.

दिवस कलताना तो फाट्यावर उतरला. शेताकडच्या चढाला शेजारचा रामकिसन भेटला.

“काय म्हन्ले डाक्टर? गुन आला का?”

रंगरावनं श्वास जमवला. “कामी आलो म्हन्ले.”

“मंग बेस झालं!” रामकिसन सायकल रेटत पुढे गेला.

तो वळणाआड होईपर्यंत रंगराव ताठ उभा राहिला. मग बांधावर बसला, आणि दम खाली बसायची वाट पाहू लागला.