उकिरड्याच्या पोटातली बुरशी

किशनरावांचा उकिरडा उठवायची नोटीस ग्रामपंचायतीने काढली, त्या दिवशी मला गल्लीत पेढे वाटावेसे वाटले. किशनराव म्हणजे माझे चुलत सासरे. आमची घरं भिंतीला भिंत लागून, पण बोलणं कधीच बंद झालेलं. तोंड उघडायचं ते भांडायलाच.

भांडण माझ्या खोलीवरून. जुन्या गोठ्याला पत्रे ठोकून, चुना मारून मी तिथे गव्हाच्या कोंड्यावर बुरशी वाढवते. कोंडा भिजवायचा, वाफवायचा, थाळ्यांत पसरायचा आणि निवला की वर बुरशीचं विरजण शिंपडायचं. काही दिवसांत कोंडा पांढरा होतो. त्यातून निघणारं एंझाइम कोंबडीखाद्यात घालतात, म्हणजे कोंबडीला दाणा नीट पचतो. मानवतच्या अलीकडचा एक कारखाना ते माझ्याकडून घेतो. खाद्याच्या गोळ्या करताना तिथे कडक वाफ सोडतात आणि साधं एंझाइम त्या वाफेत मरतं. माझं मरत नाही. एवढ्या एका गोष्टीवर माझा सगळा डोलारा उभा आहे.

हे गावाला सांगून उपयोग नाही. किशनरावांची बायको धुरपताबाई गल्लीभर सांगत फिरायची, "बजरंगची बायकू लय शिकलीय, घरात कोंडा सडवायलीय!" आणि इकडे त्यांच्याच उकिरड्याची धूळ वाऱ्याबरोबर माझ्या खोलीत यायची, थाळीवर हिरवे डाग पडायचे आणि अख्खी थाळी फेकावी लागायची. अर्जावर अर्ज करू नको तर काय करू?

नोटीस निघाली आणि त्याच आठवड्यात माझं विरजण गेलं. एका थाळीतून दुसरीत लावत नेलेली बुरशी दिसायला झकास होती, पण तिचं एंझाइम कढत पाण्यात ठेवून तपासलं की खलास. जपून ठेवलेल्या मूळ नळ्या काढल्या. उन्हातान्हाची जात ती, फ्रीजची थंडी तिला सोसली नव्हती. एकही नळी जिवंत निघाली नाही. विकतचं विरजण मागवलं, तेही उष्णतेत मेलं. कारखान्याने महिन्याची मुदत दिली, नंतर ते दुसरीकडून माल घेणार होते.

ते मूळ विरजण मी काढलं होतं किशनरावांच्या उकिरड्यातून. लग्नानंतर, अजून बोलणं चालू असताना, मी त्याच्या पोटात हात घातला होता. आत इतकी धग की हात ठेववत नव्हता. त्या धगीत जी बुरशी जगते, तिचंच एंझाइम वाफेला पुरून उरतं. आता मी गावातले बाकीचे ढीग पालथे घातले. गुरं उरलीत कुणाकडे? सगळे कोरडे, थंडगार. रोज ओलं शेण पडणारा उकिरडा गावात एकच होता आणि तो मी उठवायला लावला होता. स्वतःचा इतका संताप मला कधी आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर आला. मी धावत बाहेर गेले तोवर ट्रॉली भरत आली होती.

"मामा, थांबा."

"आता काय ऱ्हायलं?" किशनराव म्हणाले. "उचलायलोत की तुझ्या नोटिशीपरमानं."

"मला थोडं खत पाहिजे. मधलं, गरम असलेलं."

ट्रॅक्टरवाला दत्ता तोंड फिरवून हसायला लागला.

"ऐकलं का गं?" किशनराव बायकोला म्हणाले. "आपल्या घाणीनं हिची खोली नासायली व्हती. आन आता तीच घाण हिला घरात पायजे!"

"पदर पसर म्हनावं आधी," धुरपताबाई म्हणाली. "समद्यांम्होरं."

पदर मी मेले तरी पसरणार नव्हते. "नका देऊ," मी म्हटलं, पण आवाज चिरकला आणि माझी नड त्यांनी बरोबर ओळखली. माझा नवरा बजरंग दारात चपला शोधत होता. त्या त्याच्या पायातच होत्या.

"न्हाई म्हननारा मी कोन?" किशनराव म्हणाले. "आन थोडं कायला, सूनबाई? समदंच घे. दत्ता, हिच्या दाराम्होरं कर उपडी!"

ट्रॉली वर गेली. वाफाळलेला अख्खा ढीग माझ्या उंबऱ्याशी येऊन पडला. "आता कर अर्ज," किशनराव म्हणाले आणि सगळी गल्ली हसली. मी सगळ्यांदेखत खाली बसले, बाह्या वर केल्या आणि गरम ढेकळं फोडून डबे भरले. रडू आलं, ते रागाचं होतं.

त्या शेणातून तीच जात पुन्हा निघाली. नमुना वाफेतून सहीसलामत बाहेर आला. खोलीचं दार मी मागच्या बाजूला पाडून घेतलं, धुळीचा प्रश्न मिटला.

ढीग मात्र मी हलवला नाही. फ्रीजवर आता माझा भरवसा नाही. विरजण पुन्हा गेलं तर ढिगाच्या पोटात धग हवी आणि धग टिकायला रोजचं ओलं शेण हवं. माझ्याकडे शेळीसुद्धा नाही. पण धुरपताबाई रोज सकाळी मला चिडवायला टोपली आणून माझ्याच दारात रिकामी करते. मी कमरेवर हात ठेवून कडाकडा भांडते. ती खूश होऊन जाते.

परवा मला ताप होता. ती टोपली टाकून गेली, मी उठलेच नाही. काल ती आलीच नाही. ढिगात हात घातला तर धग उतरलेली.

आज तापातच उठले. भिंतीला धरून दारात उभी राहिले आणि त्यांच्या घराकडे तोंड करून ओरडले, "काय हो आत्याबाई, किती दिवस आमच्या दारात घाण टाकायलात? जरा तरी लाज हाय का न्हाई?"

धुरपताबाई लगबगीने बाहेर आली. टोपली शिगोशीग भरलेली होती.