तोकिकोचा मोठा घास

लग्नाचं बोलायला बर्गरच्या दुकानात बोलावणारा पुरुष कसा असेल, याचा निकाल मी बसमध्येच लावून टाकला होता. असल्या भेटी आमच्या सासेबो शहरात हॉटेलात होतात. गुडघे जुळवून बसायचं, केकचा कोपरा मोडायचा आणि हवापाण्याचं बोलायचं. पण उराकावांनी मध्यस्थ मात्सुएकाकूंकडे निरोप धाडला होता की हॉटेलात त्यांना गुदमरल्यासारखं होतं, बस डेपोमागच्या ज्या दुकानात ते नेहमी जेवतात तिथंच आलात तर बरं होईल. चिक्कू दिसतो मेला, असं मी तोकिकोला म्हटलं. ती तोंडावर हात ठेवून हसली.

तोकिको माझी धाकटी बहीण. अठ्ठावन्न वर्षांची, लग्न न झालेली. माझं झालं होतं, पण नवरा लवकर गेला आणि मी माहेरी परत आले. तेव्हापासून आम्ही दोघीच. कपडे दुरुस्त करून देण्याचं आमचं दुकान आहे. गिऱ्हाइकांशी तोंड वाजवायचं मी, शिवायचं तिनं. आता हे उराकावा. बसचे ड्रायव्हर, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि नोकरी संपली म्हणून ओजिका बेटावरच्या आपल्या घरी भुईमूग लावायला निघालेले. दोनदा तिला बागेत फिरवून आणलं आणि बरोबर चला म्हणाले. आज तिनं हो किंवा नाही ते सांगायचं होतं. तिनं नाही म्हणावं असं मला अगदी मनापासून वाटत होतं. त्यात लपवायचं काय? ती बोटीत बसून गेली की संध्याकाळी मी भात कुणासाठी लावायचा होता?

दुकान म्हणजे एक अरुंद खोली. तीन टेबलं, आणि रस्त्याकडच्या काचेला लागून एक लांब फळी, तिच्यापुढे उंच स्टुलं. उराकावा आधीच येऊन बसले होते. त्यांच्या गळ्यात टाय बघून डोक्याला फडकं बांधलेला मालक तव्यामागून म्हणाला, "काय उराकावासान, आज कुणाचं लग्न?" मग आम्ही आत शिरताना त्याला दिसलो आणि तो जो कांदा चिरायला लागला तो बराच वेळ चिरतच राहिला.

मात्सुएकाकूंनी रीतीप्रमाणे दोघांची पुन्हा ओळख करून दिली, दोघांचेही गुण गायले आणि "आता तरुणांना जरा मोकळं बोलू द्या" म्हणत माझी बाही ओढली. मी जागची हलले नाही. माझा बर्गर सांगून झालाय, अन्न वाया घालवू का, असं म्हणून मी शेजारचं टेबल धरलं. काकू नाक मुरडत एकट्याच गेल्या.

आमच्याकडे बर्गर सांगितल्यावर करायला घेतात, त्यामुळे वाट बघावी लागते. तव्यावर मांस चुरचुरत होतं, अंडं फुटलं, पाव भाजल्याचा वास आला. उराकावा टायची गाठ चाचपत होते. तोकिको रुमालाची घडी मोडून पुन्हा घालत होती. बेटावर वारा फार असतो का, असं तिनं विचारलं. असतो, ते म्हणाले. मी मनात म्हटलं, घ्या, असल्या माणसाबरोबर ही जन्म काढणार.

मग बर्गर आले. कागदात गुंडाळलेले, दोन मुठी एकावर एक ठेवाव्यात एवढे उंच. आत मांस, अंडं, बेकन, टोमॅटो, आणि सगळ्यातून ओघळणारं मेयोनीज. तोकिकोचा चेहरा उतरला. आमच्या आईनं दोघींना शिकवलं होतं की बाईमाणसानं खाताना दात दाखवू नयेत. मी ते केव्हाच सोडलं. ही मात्र अजून शेंगदाणासुद्धा अर्धा करून खाते, आणि तोही हाताआड. घरी, माझ्यासमोर. इथं बर्गर धरायलाच दोन्ही हात लागणार, तर तोंड झाकायला तिसरा कुठून आणायचा? तिनं हलक्या आवाजात सुरी मागितली. मालक म्हणाला, "कापला की सगळा पसारा होतो, बाई. दाबायचा आणि चावायचा."

खरं सांगते, मला बरं वाटलं. ज्याच्यासमोर घास घेता येत नाही त्याच्या घरी कोण जातं? पण तोकिकोचे कान लाल झाले आणि तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. लहानपणी शाळेत कुणी चिडवलं की बघायची, तसंच. आपण उठावं, हिला घेऊन सरळ घरी जावं, असं म्हणून मी पिशवीला हात घातला.

तेवढ्यात उराकावा उठले. त्यांनी आपला बर्गर उचलला, तिचाही उचलला आणि दोन्ही काचेपाशी नेऊन ठेवले. दोन स्टुलं शेजारी शेजारी ओढली.

"मी जन्मभर बस चालवली," ते म्हणाले. "माझ्यासमोर कधी कुणी बसलेलं नाही. माणसं मागं, नाही तर बाजूला. समोर कुणी बसलं की मला घास जात नाही. तुम्ही बाजूला बसाल का? मी रस्त्याकडे बघत खातो. मला मान वळवायची सवयच नाही."

तोकिको जाऊन बसली. मला दोघांच्या पाठीच दिसत होत्या. त्यांनी बर्गर दाबला, तिनंही दाबला. ते खाऊ लागले आणि खरंच रस्त्याकडेच बघत राहिले. तिनं थोडा वेळ नुसताच हातात धरला. मग तिची कोपरं वर आली, मान पुढं झुकली, आणि पहिला घास गेला. मग दुसरा. मग रस्त्यावर काय दिसलं कोण जाणे, त्यांनी काहीतरी सांगितलं आणि तिचे खांदे हलायला लागले. दोन्ही हात बर्गरला, आणि ही हसतेय. माझा बर्गर माझ्यासमोर निवत होता आणि मला तो दिसेनासा झाला. एवढी वर्षं एका घरात राहून मी हिला कधी बाजूला बसवून जेवू घातलं नाही. मला सुचलंच नव्हतं. मला त्या माणसाचा राग आला, आणि तो फार चांगला आहे हेही तेव्हाच कळलं.

तोकिको स्टुलावर गर्रकन माझ्याकडे वळली. गालाला मेयोनीज, हनुवटीवर सॉस, एक गाल फुगलेला. तोंड झाकायचं तिच्या ध्यानातही नव्हतं. भरल्या तोंडानं ती म्हणाली, "ताई, मी जाणार."

"आधी गिळ," मी म्हटलं. "मग बोल."

तिनं नीट चावलं, गिळलं, आणि तेच पुन्हा म्हणाली.