‘बहुधा’ला आकडा नसतो

मी अल्सिंडो फोर्तेसची फाइल. जाड पिवळट पुठ्ठा, कडेला नाव आणि पोटात त्याचं सगळं दुखणंखुपणं. मला तोंड नाही याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं. गेल्या जुलैत मात्र वाटलं, आणि तेव्हाची भीती अजून गेलेली नाही.

मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यासमोर आमचं बेट आहे. इथल्या दवाखान्यात १९७१ साली माझा जन्म झाला, तोही अपघातातून. मासेमारीच्या बोटीवर एक लोखंडी दांडा अल्सिंडोच्या पोटावर आदळला. पलीकडे शहरातल्या रुग्णालयात नेऊन त्याची प्लीहा, म्हणजे रक्तातले जंतू गाळणारा पोटातला अवयव, काढून टाकावी लागली. त्या शस्त्रक्रियेचं पत्र हा माझा पहिला कागद. पुढे खोकला, कंबर, रक्तदाब असं करत मी फुगत गेले. फळीवर मावेनाशी झाले, तेव्हा माझे दोन भाग केले. नवा वरच्या कपाटात, जुना तळघरात. नव्याच्या पहिल्या पानावर जुन्याचा सारांश लिहायचा असतो. तो राहून गेला.

अल्सिंडोनं बोट सोडून उन्हाळी पाहुण्यांच्या बागांची कुंपणं कापायचं काम धरलं. आमच्याकडे हरणांवरच्या गोचिडी इतक्या, की शहाणी माणसं विजार मोज्यात खोचून फिरतात. हा गडी मात्र अर्ध्या चड्डीत. बायको झुल्मिरा ओरडली की म्हणायचा, माझ्या रक्तात निम्मी वाइन आहे, गोचीडच झिंगून पडेल.

जुलैत त्याला ताप भरला, घामानं चादरी भिजू लागल्या. डॉ. हॅलेटांच्या दाराशी त्या दिवशी वीसेक माणसं होती. डॉक्टरांनी गुडघ्यामागचा चावा पाहिला आणि माझ्यात लिहिलं, ‘बहुधा लाइम’. लाइम म्हणजे गोचिडीचा आमच्याकडचा घरोघरचा आजार. गोळ्या दिल्या आणि पुढच्याला बोलावलं.

मग मी डोरिनच्या टेबलावर गेले. डॉक्टरांच्या शब्दांना त्या त्या आजाराचा ठरलेला आकडा लावणं हे तिचं काम. विमावाले आकडा वाचतात, आणि खरं सांगायचं तर घाईतले डॉक्टरही आधी तोच वाचतात. डोरिननं वीस वर्षं शहरातल्या मोठ्या रुग्णालयात हेच केलं होतं. तिथला नियम असा, की दाखल रुग्ण घरी जाताना डॉक्टरांनी ‘बहुधा’ लिहिलं तर ते पक्कं धरायचं. छोट्या दवाखान्यात नेमकं उलट. इथे ‘बहुधा’ला आकडा नसतो, फक्त तापासारख्या दिसणाऱ्या लक्षणाला असतो. डोरिनला हे पाठ होतं. पण हाताला वीस वर्षांचं वळण. तिनं ०८८.८१ लिहिलं, म्हणजे लाइम, आणि माझ्या अंगावर लाइमची पिवळी चिठ्ठी डकवली. मी आतून ओरडत होते. पुठ्ठ्याचं कोण ऐकतं?

तिसऱ्या दिवशी झुल्मिराचा फोन आला. ताप हटत नाही. डॉक्टरांनी मला उघडलंसुद्धा नाही. चिठ्ठी पाहिली आणि म्हणाले, लाइम आहे, औषधाला वेळ द्या. मला धडकी भरली. तळघरातला तो पहिला कागद ज्यानं वाचला असता, त्यानं असं म्हटलं नसतं.

पाचव्या दिवशी ती त्याला घेऊनच आली. त्याचे डोळे पिवळे झाले होते, भिंत धरल्याशिवाय उभं राहवत नव्हतं. त्याला आत खाटेवर निजवलं आणि ती डोरिनच्या टेबलाशी आली.

“तुझ्या कागदावर तो बरा होतोय म्हणे,” झुल्मिरा म्हणाली. “घरी त्याची लघवी काळ्या चहासारखी होतेय.”

डोरिननं मला उघडलं. डॉक्टरांचं ‘बहुधा’ आणि खाली स्वतःचा आकडा.

“लग्नाच्या वर्षी त्याच्या पोटातून काय तो तुकडा काढला,” झुल्मिरा पुटपुटली, “तेव्हापासून साधा तापही त्याला लोळवतो.”

“कुठला तुकडा?”

“मला काय माहीत बाई? डॉक्टरांनी काढला, तुम्ही लिहून ठेवलं असेल.”

डोरिन जिना उतरून तळघरात धावली. धुळीतून माझा जुना भाग ओढला आणि पहिलाच कागद तिच्या हातात आला. प्लीहा नसलेल्या माणसाच्या रक्तात काय काय मोकाट सुटतं, हे तिनं शहरात वीस वर्षं लिहिलं होतं. पण आकडे लावणाऱ्यानं डॉक्टरांना आजाराचं नाव सुचवायचं नाही, असा या धंद्याचा कडक नियम आहे. नुसतं विचारायचं, तेही लेखी, आणि उत्तराची वाट बघायची. तिनं चार ओळी खरडल्या. कागद ट्रेमध्ये ठेवायचा असतो. तो ठेवायला ती थांबली नाही. थेट तपासणीच्या खोलीत शिरली आणि सगळ्यांसमोर वाचू लागली.

“तुम्ही ‘बहुधा’ लिहिलं होतं, मी पक्कं लावलं. चूक माझी आहे. सोबत एकाहत्तर सालचं पत्र आहे. ते पाहून निदान स्पष्ट करावं.”

डॉक्टरांनी पत्र वाचलं. मग अल्सिंडोचा सदरा वर करून तो जुना व्रण पाहिला. त्यांनी स्वतः रक्ताचा थेंब काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. तांबड्या पेशी आतून पोखरल्या होत्या. बेबेसिया, रक्तात वाढणारा परजीवी. तीच गोचीड, पण आजार दुसरा, आणि दिलेल्या गोळ्यांचा त्यावर काडीचा उपयोग नाही. आकडा ०८८.८२. शेवटचा एक अंक काय तो वेगळा.

धुक्यामुळे विमान उडेना. तटरक्षकांच्या बोटीतून त्याला नेलं, आणि शहरात त्याच्या अंगातलं रक्त बदललं. अकरा दिवस मी डोरिनच्या टेबलावर पडून होते. माणूस गेला की फाइल कुठल्या कपाटात जाते हे मला ठाऊक आहे. ती रोज त्या कपाटाकडे बघायची आणि मी तिच्याकडे.

सप्टेंबरात अल्सिंडो काठी टेकत आला. निम्मा राहिला होता. डोरिननं त्याला खुर्ची दिली आणि मला उघडून स्वतःची चूक शब्दन् शब्द वाचून दाखवली.

“मी तुमचा जीव घेत होते,” डोरिन म्हणाली.

“घेत होतीस खरी,” तो म्हणाला. “आता रोज एवढीच घाबरत जा.”

तेव्हापासून ती घाबरते. प्रत्येक ‘बहुधा’पाशी तिची पेन्सिल थांबते आणि बाहेर रांग कुरकुरते. माझं एवढंच मागणं आहे, तिला घाई करू नका. आत्ता तिच्यापुढे कुणाची फाइल उघडी आहे, ते रांगेतल्या कुणालाच ठाऊक नाही.